पॅकअपनंतर

पहाटे पाचला भोपाळच्या पॉलिटेक्निक चौराह्यावर उभं राहण्याची सवय मला बँकेची नोकरी सुटल्यावर लागली. २००१ साली बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, तीत मीही बाहेर पडलो. इथल्या हौशी मराठी नाटकांमुळे गावातले नट ओळखीचे होते. पुढे मुंबईची युनिटं चित्रीकरणासाठी भोपाळला येऊ लागली, तेव्हा कुणीतरी माझं नाव सुचवलं. स्थानिक माणसं गोळा करून द्यायची, त्यांची नावं वहीत लिहायची, पहाटे त्यांना गाडीत बसवायचं आणि रात्री पॅकअप झाल्यावर घरी सोडायचं, एवढंच काम. सिनेमावाले या कामाला ‘कोऑर्डिनेटर’ म्हणतात. माझा जन्म निपाणीचा, तंबाखूच्या वखारींच्या गावातला. मी घरी सांगितलं, की ही आपली मुकादमी आहे. फक्त वखारीऐवजी सिनेमा आहे.

भोपाळला सिनेमा तसा नवा नाही. बी. आर. चोप्रांच्या ‘नया दौर’चं बाह्यचित्रण इथून जवळच, नर्मदाकाठच्या बुधनीला झालं होतं. तो चित्रपट १९५७ चा. पण खरी वर्दळ सुरू झाली ती प्रकाश झांच्या ‘राजनीती’पासून. तो २०१० साली पडद्यावर आला आणि पुढच्याच वर्षी ‘आरक्षण’. त्याच २०१० मध्ये आलेला ‘पीपली लाइव्ह’ शेजारच्या रायसेन जिल्ह्यातल्या बडवई गावात चित्रित झाला. नंतर ‘स्त्री’ झाला. सिहोर जिल्ह्यातलं महोडिया हे खेडं तर ‘पंचायत’ मालिकेमुळे घराघरांत पोहोचलं. २०२० साली राज्य सरकारनं चित्रपट-पर्यटनाचं धोरण काढलं, अनुदानं दिली. तलाव आहे, टेकड्या आहेत, नवाबी वाडे आहेत, आणि मुंबईच्या मानानं माणूस स्वस्त आहे.

शिवाय इथे नटांचा तुटवडा नाही. १९८२ साली भारत भवन उघडलं आणि ब. व. कारंतांच्या हाताखाली तिथलं रंगमंडल उभं राहिलं. हबीब तन्वीरांचं ‘नया थिएटर’ याच गावात होतं. २००९ साली ते गेले, तेही इथेच. २०११ पासून राज्याचं नाट्य विद्यालय आहे. त्यामुळे रवींद्र भवनाच्या आवारात दर चौथा तरुण तुम्हाला नट भेटतो. अशा मुलांना मुंबईचं युनिट आलं, की तीन दिवसांचा हवालदार, दोन दिवसांचा पत्रकार, एका दिवसाचा मयताचा भाऊ अशी कामं मिळतात.

त्यांतल्याच एकाची ही हकिकत आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याला आणि त्याच्या आईला विचारूनच लिहायला बसलो आहे. दोघांची अट एकच होती, ‘नाव नको.’

मुलगा टी. टी. नगरातला, मराठी घरातला. वडील लवकर गेलेले. आईनं शाळेत नोकरी करून वाढवला. आमच्या मराठी नाटकांत तो दहाव्या वर्षापासून असायचा. आवाज खणखणीत, पाठांतर असं, की दुसऱ्याची वाक्यंसुद्धा त्याला पाठ. त्याला पहिलं सिनेमाचं काम मीच दिलं. फौजदाराची भूमिका होती, सात वाक्यांची. चित्रीकरण संपलं त्या रात्री तो माझ्या पाया पडला. सिनेमा लागला तेव्हा सातांतलं एक वाक्य उरलं होतं, तेही पाठमोरं. तरी आम्ही सगळे टाळ्या वाजवून घरी आलो आणि त्याच्या आईनं पुरणपोळी केली.

मला आज वाटतं, की त्या पुरणपोळीच्या वेळीच मी त्याच्याकडे नीट बघायला हवं होतं.

सिनेमाचं युनिट म्हणजे लग्नघर असतं. दीड-दोनशे माणसं चाळीस-पंचेचाळीस दिवस एकत्र जेवतात, एकमेकांना ‘सर’ आणि ‘दादा’ म्हणतात, रात्री तीन वाजता एकाच कपातला चहा पितात. बारा तासांची पाळी सोळा तासांवर जाते, पण तक्रार कुणी करत नाही, कारण आपण काहीतरी मोठं करतो आहोत असं प्रत्येकाला वाटत असतं. मग एक दिवस सहायक दिग्दर्शक ओरडतो, ‘पॅकअप!’ त्या रात्री जनरेटरची गाडी निघते, दिवे ट्रकवर चढतात आणि सकाळी त्या जागी थर्मोकोलच्या खांबांचे तुकडे आणि चहाचे कागदी पेले उरतात. मुंबईची माणसं पुढच्या कामाला जातात. गावातला नट मात्र तिथेच राहतो. काल ज्याच्या कपाळाचा घाम टिपायला माणूस होता, तो आज शिधापत्रिकेच्या रांगेत असतो. त्यातच झोपेचं चक्र पार फिरलेलं असतं. रात्री दोनला डोळे टक्क उघडे आणि दुपारी अंगात शिसं.

याला कुणी आजार म्हणत नाही. युनिटवर यासाठी शब्दच नाही. मीही कधी शोधला नाही. मी वही मिटायचो आणि पुढच्या फोनची वाट बघायचो.

पुढे हा मुलगा मुंबईला गेला. मालिकांमध्ये लहानसहान कामं मिळाली. मालिकांच्या धंद्यात पैसे नव्वद दिवसांनी देण्याची रीत आहे. म्हणजे दिवाळीत केलेल्या कामाचे पैसे शिमग्याच्या सुमाराला, आणि घरभाडं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. चौघांत एक खोली, रोज एक-दोन ऑडिशन. ‘नॉट फिट’ हे दोन शब्द तो इतक्या वेळा ऐकून आला होता, की फोनवर हसत सांगायचा, ‘काका, आता मला शर्टसुद्धा नॉट फिट होतो.’ मीही हसायचो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, चित्रीकरणं थांबली आणि तो भोपाळला परत आला.

पुढच्या दोन वर्षांत काय काय दिसत होतं ते आज मला ओळीनं सांगता येतं. तेव्हा मात्र एकही गोष्ट दिसली नाही. त्यानं सकाळचे पोहे-जिलबी सोडली. भोपाळच्या माणसानं पोहे-जिलबी सोडणं ही साधी गोष्ट नव्हे. दिवसातून दोनदा दाढी करायचा, आरशासमोर तास तास उभा राहायचा. मित्रांचे फोन घेईना. नाटकाच्या तालमीला आला तर कोपऱ्यात बसायचा आणि पाठ असलेलं वाक्य विसरायचा. आई म्हणाली, ‘भाऊजी, हा रात्रभर येरझाऱ्या घालतो.’ मी म्हणालो, ‘वहिनी, काम नाही ना, म्हणून. काम आलं की सरळ होईल.’ त्याला म्हणालो, ‘मन घट्ट कर. व्यायाम कर. तुला काय कमी आहे? गावात लोकांना दोन वेळचं मिळत नाही.’ हे मी एकदा नाही, निदान वीस वेळा म्हणालो असेन. तो प्रत्येक वेळी ‘हो काका’ म्हणायचा.

तो बोलत का नव्हता, हे मला पुढे त्यानंच सांगितलं. या धंद्यात नटाचा चेहरा हाच त्याचा माल. मालाला कीड लागली असं कुणी आपल्या तोंडानं सांगत नाही. ‘त्याची तब्येत जरा बरी नसते’ हे एक वाक्य युनिटवर फिरलं, की फोन बंद. आणि खरं सांगायचं तर, ते वाक्य फिरवणाऱ्यांत मीही असायचो. वहीत एखाद्या नावापुढे मी फुली मारायचो आणि शेजारी लिहायचो, ‘भरवसा नाही.’ ज्यांच्या नावापुढे अशा फुल्या मारल्या, त्यांतले किती आजारी होते, हे मी कधी विचारलं नाही.

मोठ्या माणसांची गोष्ट निराळी, असं आपण म्हणतो. पण ती फारशी निराळी नाही. दिलीपकुमारांनी सुरुवातीच्या काळात एकामागून एक शोकांत भूमिका केल्या. त्या भूमिका मनातून उतरेनात, तेव्हा ते इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले. डॉक्टरांनी हलक्याफुलक्या भूमिका करायला सांगितलं आणि त्यांनी तो सल्ला मानला. १९५५ साली ‘आझाद’ आला. त्यानंतर दोन वर्षांनी ‘नया दौर’मध्ये बसशी शर्यत लावणारा हसरा टांगेवाला झाला तो हाच माणूस. बुधनीवरून जाताना मला आता शर्यत आठवत नाही. योग्य वेळी डॉक्टरकडे गेलेला एक माणूस आठवतो. गुरुदत्तना हे जमलं नाही. ‘कागज के फूल’ १९५९ मध्ये पडला, नंतर त्यांनी दिग्दर्शक म्हणून पडद्यावर नाव दिलं नाही, आणि १९६४ च्या ऑक्टोबरात ते गेले तेव्हा चाळिशीही झालेली नव्हती. आपल्या नितीन देसाईंनी पडद्यावर राजवाडे उभे केले, चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवले, कर्जतला स्वतःचा स्टुडिओ बांधला. २ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच स्टुडिओत त्यांचा अंत झाला. कर्जाचा डोंगर होता, हे सर्वांनी वाचलं. एखादा माणूस असा का जातो याचं उत्तर कुठल्याच एका कारणात नसतं, म्हणून मी त्यावर अधिक बोलत नाही. एवढंच म्हणतो, की शेकडो माणसांच्या रोजीरोटीचा भार वाहणाऱ्याला ‘तू कसा आहेस?’ असं विचारणारी माणसं फार थोडी असतात.

२०१५ साली दीपिका पदुकोणनं दूरचित्रवाणीवर आपल्या नैराश्याबद्दल उघड सांगितलं. तेव्हा आमच्या घरात कुणीतरी म्हणालं, ‘एवढा पैसा, एवढं रूप, हिला कसलं दुःख?’ मी मान डोलावली होती. २०२५ मध्ये नट-नट्यांनी आठच तास काम करावं का, यावर वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. ती व्हायलाच हवी. पण सोळा तास दिवा धरून उभा राहणारा लाइटमन, कपड्यांना इस्त्री करणारा ड्रेसमन, खुर्च्या वाहणारा स्पॉटबॉय, आणि पहाटे पाचला चौराह्यावर येणारा आमचा गर्दीतला माणूस त्या चर्चेत कुठेच नव्हता. दिलीपकुमारांना भूमिका बदलता आली. रोजंदारीवरच्या माणसानं काय बदलायचं?

आता त्या सकाळकडे येतो. २०२२ च्या जानेवारीतली गोष्ट. भोपाळची थंडी हाडांत शिरणारी असते. साडेपाचला त्याच्या आईचा फोन आला. ‘भाऊजी, आज कुठे शूटिंग आहे का? हा चारला उठून, अंघोळ करून, बॅग घेऊन गेलाय. तुम्ही बोलावलंय म्हणाला.’ मी कुणालाही बोलावलं नव्हतं. गावात त्या आठवड्यात एकही युनिट नव्हतं.

स्कूटर काढून चौराह्यावर गेलो. धुक्यात तो उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले, खांद्यावर बॅग. मला बघून म्हणाला, ‘काका, गाडी अजून आली नाही.’

तेव्हा मला जे आठवलं ते मी पन्नासहून अधिक वर्षं आठवू दिलं नव्हतं.

निपाणीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दगडी कट्टा होता. मी नऊ-दहा वर्षांचा असेन, म्हणजे १९६५ च्या आसपास. त्या कट्ट्यावर रोज सकाळी एक माणूस येऊन बसायचा. तरुणपणी तो कोल्हापूरला सिनेमात गेला होता. आमच्या भागातून तेव्हा पुष्कळ जण जात. कोल्हापूर जवळ, तिथे स्टुडिओ, ऐतिहासिक चित्रपटांना मावळे लागायचे, तमाशापटांना फेटेवाले लागायचे. हा घोड्यावर बसलेला मावळा झाला होता म्हणे. मग कामं मिळेनाशी झाली आणि तो परत आला. पण रोज सकाळी तोंडाला पावडर लावून, कोपरीवर जुना जरीचा पटका बांधून तो कट्ट्यावर बसायचा. स्टुडिओची गाडी न्यायला येणार आहे, असं सांगायचा. आम्ही पोरं लांबून ओरडायचो, ‘गाडी आली, गाडी आली!’ तो ताडकन उठायचा, पटका सारखा करायचा आणि रस्त्याकडे बघायचा. आम्ही पोट धरून हसायचो. मोठी माणसंही हसायची. ‘सिनेमानं येडा झालाय’ एवढंच त्याचं निदान आख्ख्या गल्लीनं केलं होतं, आणि त्यावर औषध म्हणून आम्ही त्याला रोज एकदा उठवत होतो.

पॉलिटेक्निक चौराह्यावर मी त्या मुलाला ‘गाडी येणार नाही’ असं म्हणू शकलो नाही. म्हणालो, ‘चल, आधी चहा घेऊ.’

भोपाळच्या जुन्या शहरात मीठ घातलेला सुलेमानी चहा मिळतो आणि दुकानांपुढे दगडी किंवा लाकडी फळ्या असतात, त्यांना ‘पटिये’ म्हणतात. दुकानं बंद झाली, की त्या पटियांवर माणसं बसतात आणि अर्ध्या रात्रीपर्यंत बोलतात. राजकारण, शायरी, हॉकी, शेजाऱ्याची निंदा, सगळं. पटियांवर बसणं ही या शहराची जुनी खोड आहे. त्या सकाळी एका पटियावर आम्ही तासभर बसलो. मी पहिल्यांदाच सल्ला दिला नाही. माझ्याजवळचे सल्ले संपले होते, हेही खरं. तो बोलत नव्हता. शेवटी एवढंच म्हणाला, ‘काका, घरात बसलो तर असं वाटतं की मी नाहीच. बॅग घेऊन उभा राहिलो, की वाटतं आहे.’

त्या दिवशी त्याला मी आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत, साध्या फिजिशियन. पण त्यांनी नोकरीची सुरुवात वायुपीडितांच्या दवाखान्यात केली होती. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळवर काय कोसळलं ते मी नव्यानं सांगायला नको. एक गोष्ट मात्र बाहेर फारशी ठाऊक नाही. त्या दुर्घटनेनंतर डोळे आणि फुप्फुसं यांच्यावर उपचार सुरू झाले, पण मनाकडे बघणारं इथे जवळजवळ कुणीच नव्हतं. १९८५ साली बाहेरून तज्ज्ञ आले. दवाखान्यांत खोकला आणि धाप घेऊन येणाऱ्यांना तपासल्यावर असं दिसलं, की पाचांतल्या एकाहून अधिक माणसांना मनाचाही आजार आहे. मग वस्तीतल्या साध्या डॉक्टरांनाच मनाच्या आजारांची प्राथमिक ओळख करून देण्यात आली. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, ‘तेव्हाच्या आमच्या वरिष्ठांकडून मी एक प्रश्न शिकले. पेशंट काहीही सांगू दे, त्याला विचारायचं, नींद आती है?’

त्या मुलालाही त्यांनी तेच विचारलं. तो म्हणाला, ‘नाही.’ किती दिवसांपासून? ‘दोन वर्षं.’ भूक? मन कशात लागतं? मग त्यांनी अगदी साध्या आवाजात, औषधाची वेळ विचारावी तसं विचारलं, ‘जीव नकोसा वाटतो का कधी?’ खोलीत आई होती, मी होतो. तो खाली बघून म्हणाला, ‘हो. कधी कधी.’

असा प्रश्न विचारला तर माणसाच्या डोक्यात नसलेला विचार आपण घालू, असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘उलट आहे. विचार असतोच. विचारलं की तो एकट्याचा राहत नाही.’ त्यांनी त्याच दिवशी फोन करून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. पुढचे पंधरा दिवस त्याला एकटं ठेवलं नाही. आई, मी आणि नाटकातले दोन मित्र पाळीपाळीनं असायचो. सिनेमाच्या बारा तासांच्या पाळ्या लावण्यात मुरलेला माणूस मी; ही पाळी लावताना मात्र हात कापत होता.

निदान नैराश्याचं झालं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की औषधाचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात आणि बरं वाटू लागलं म्हणून मनानं औषध थांबवायचं नाही. चौथ्या आठवड्यात तो सलग सहा तास झोपला. आईनं मला फोनवर सांगितलं ते असं, जणू त्याला पुरस्कार मिळाला आहे.

गोष्ट इथे संपली असती तर लिहायला सोपी होती. सहा महिन्यांनी त्याला एक चांगली भूमिका मिळाली. गोळ्यांनी वजन वाढलं होतं, चेहरा भरला होता. युनिटवर कुणीतरी म्हणालं, ‘जरा सुजल्यासारखा दिसतोस.’ त्यानं कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. रात्रीची चित्रीकरणं होती. पंधरा दिवसांत पुन्हा तेच डोळे. या वेळी मात्र त्यानं स्वतः मला फोन केला. म्हणाला, ‘काका, झोप गेली.’ एवढंच. दोन वर्षांत जे घडलं नव्हतं ते एका वाक्यात झालं. डॉक्टरांनी औषध बदलून दिलं. रात्रीची कामं घ्यायची नाहीत असं ठरलं. त्यामुळे पुढे तीन-चार कामं हातची गेली, आणि ती कुणी परत दिली नाहीत.

मी काही तज्ज्ञ नाही. पण ज्याच्या वहीत शेकडो माणसांची नावं आहेत त्याला थोडं बोलण्याचा अधिकार असावा. सिनेमातल्या माणसाला दुःखी भूमिका आजारी पाडतात, असं बाहेर समजतात. पडतही असतील. पण मी पाहिलं ते वेगळं आहे. उद्याची गाडी येणार की नाही हे न कळणं, केलेल्या कामाचे पैसे कधी मिळतील हे न कळणं, आणि नीट न झोपता हसतमुख राहणं, यांनी माणूस आतून झिजतो. यांतल्या निम्म्या गोष्टींवर डॉक्टरची गरजच नाही. कामाचे तास आणि पैशाची तारीख कागदावर लिहून द्यावी. एका पॅकअपपासून दुसऱ्या हजेरीपर्यंत झोपण्याइतका वेळ द्यावा. सिने-कामगारांशी लेखी करार करावा, असं १९८१ च्या कायद्यात होतं; पुढे तो कायदा ज्या संहितेत घेतला गेला त्या २०२० च्या संहितेतही लेखी कराराची अट आहे. माझ्या वहीतल्या एकाही माणसाच्या हातात असा कागद मी कधी पाहिला नाही, आणि मीही कधी मागितला नाही.

उरलेल्या निम्म्यासाठी डॉक्टर आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क मानला, शरीराच्या आजारासारखाच मनाच्या आजारालाही विमा द्यावा असं सांगितलं आणि जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न समजता मदत द्यावी, असं ठरवलं. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली मानस’ सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर कुठल्याही वेळी फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. निपाणी-बेळगावच्या वाचकांनाही तोच क्रमांक. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आता निर्मात्यांच्या फोनच्या वर तो लिहिलेला आहे. ज्या मराठी सिनेमानं ‘देवराई’ आणि ‘कासव’सारखे चित्रपट करून मनाचे आजार पडद्यावर इतक्या समजुतीनं दाखवले, आणि त्यांतल्या ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं, त्याच व्यवसायात पडद्यामागच्या माणसाला हा क्रमांक कुणी सांगत नाही, हे बरं दिसत नाही.

माझ्याकडून जे होतं ते लहानसं आहे. युनिट गेलं, की तिसऱ्या गुरुवारी आम्ही जुन्या शहरातल्या एका पटियावर जमतो. ज्यांनी काम केलं ते सगळे. नट, लाइटमन, गाडी हाकणारे. चहा माझ्याकडून. कामाचं बोलायचं नाही, असा नियम केला होता, तो पाळला जात नाही. प्रत्येकाला जाता जाता मी विचारतो, ‘झोप लागते का?’ सुरुवातीला हसायचे. आता एखादा थांबतो आणि म्हणतो, ‘साहब, दो मिनट बात करनी थी.’ वहीतल्या फुल्या मी खोडल्या. त्यांतल्या सात जणांना फोन केले. तिघांचे क्रमांक बदललेले होते. एक जण दोन वर्षांपूर्वी वारला होता. कशानं, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही.

तो मुलगा आता एका शाळेत नाटक शिकवतो आणि दिवसाच्या पाळीची कामं करतो. अजून औषध घेतो. कधी चांगला असतो, कधी नसतो. गेल्या मार्गशीर्षात आमच्या नाटकात त्याचं काम होतं आणि एकही वाक्य चुकलं नाही.

मागच्या वर्षी गणपतीत निपाणीला गेलो होतो. आमची गल्ली रुंद झाली आहे, पण कट्ट्याचे दोन दगड अजून आहेत. माझ्या वयाचे दोघे-तिघे भेटले. मी त्या माणसाबद्दल विचारलं. सगळ्यांना तो लगेच आठवला. पटका आठवला, पावडर आठवली. एकानं तर सत्तरीच्या आवाजात ‘गाडी आली, गाडी आली!’ करून दाखवलं आणि आम्ही सगळे क्षणभर हसलो. मग मी विचारलं, ‘त्याचं नाव काय होतं रे?’

कुणालाच सांगता आलं नाही. मलाही येत नव्हतं.